बॅकअप घेतला, पण परत येतो का?

31 जुलै 2019, बुधवार. त्या दिवशी बडोद्यात 24 तासांत 20 इंचांच्या आसपास पाऊस झाला. मी ज्यांचे संगणक सांभाळते त्या एका सीए काकांचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर शुक्रवारी आम्ही शटर वर केलं. चिखलाचा वास, फुगून उललेलं प्लायवुड, भिंतीवर मांडीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ. सर्व्हर टेबलाखाली होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, कापडी पाऊचमध्ये. खण ओढला तर आधी पाणी आलं, मग पाऊच. डिस्क त्या खणात ठेवायला मीच सांगितलं होतं.

वर खिळ्याला एक वही टांगलेली होती, ती कोरडी राहिली. रोज संध्याकाळी बॅकअप घेतला की अकाउंटंट तिच्यात तारीख टाकून खूण करायचा. एकही दिवस चुकलेला नव्हता. काकांनी वही उघडून दोन पानं मागे-पुढे केली आणि म्हणाले, "अगं, रोज घेत होतो ना आपण?"

घेत होतोच. एका आर्टिकलच्या (ऑफिसात काम शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्याच्या) घरी पेनड्राइव्हवर एप्रिलमधली प्रत निघाली, तीही योगायोगाने. विवरणपत्रांची मुदत त्या वर्षी 31 ऑगस्टपर्यंत वाढली होती, म्हणून महिना तरी हाताशी होता. क्लायंटकडून बिलं पुन्हा मागवून, बँकेची स्टेटमेंट काढून चार माणसं महिनाभर रात्री नऊपर्यंत त्याच नोंदी दुसऱ्यांदा करत बसली.

मी 22 वर्षं हे काम करते आहे. दांडिया बाजार, रावपुरा, अलकापुरी भागातली लहान ऑफिसं, दोन पॅथॉलॉजी लॅब, एक फोटो स्टुडिओ, एक शाळेचा ट्रस्ट. त्या शुक्रवारपासून मी बॅकअपचा विचार उलट्या टोकाने करायला लागले. आधी ठरवायचं की गेलेलं परत कसं आणायचं, कुठे बसून आणि किती वेळात. प्रत कशी घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा. पुढे लिहिलं आहे ते तीनपासून पंधरा संगणकांच्या ऑफिसला डोळ्यांसमोर ठेवून. घरी एकच लॅपटॉप असेल तरी बरंचसं लागू पडेल.

कागद घेऊन दोन प्रश्न

नव्या ऑफिसात गेले की मी पहिल्या दिवशी संगणकाला हात लावत नाही. मालकांसमोर बसते आणि विचारते: आज दुपारी चार वाजता हा सर्व्हर बंद पडला, तर किती तासांचं काम पुन्हा करायची तुमची तयारी आहे? आणि ऑफिस किती वेळ बंद राहिलेलं चालेल?

उत्तरं फार वेगवेगळी येतात. सीए ऑफिस म्हणतं, एका दिवसाच्या नोंदी पुन्हा करू, पण सप्टेंबरमध्ये दोन दिवस बंद ठेवणं परवडणार नाही. लॅबला सकाळच्या रिपोर्टांसाठी दारात माणसं उभी असतात, तिथे दोन तासही जास्त होतात. स्टुडिओवाले म्हणाले, आठवडाभर बंद राहू, पण लग्नाचे फोटो एकसुद्धा जाता कामा नयेत, कारण ते लग्न पुन्हा लागणार नाही. या दोन आकड्यांवर पुढचा सगळा खर्च ठरतो. ते मालकांनी आपल्या तोंडाने सांगायला हवेत, तुम्ही अंदाजाने लिहू नका. एक तासापेक्षा जास्त काम जाऊ द्यायचं नसेल तर दिवसातून एकदा घेतलेला बॅकअप पुरणार नाही, हे तिथल्या तिथे त्यांच्या लक्षात येतं आणि पैशाची चर्चा सोपी होते.

काय काय आहे, ते शोधा

"आमचं सगळं टॅलीत आहे," असं सगळे सांगतात. टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. मग मी एकेका संगणकासमोर बसते. डेस्कटॉपवर 'नवीन', 'नवीन फायनल' नावाची फोल्डरं. स्कॅनर स्वतःच्याच एका फोल्डरमध्ये कागद टाकत असतो, ते कुणाला माहीत नसतं. आउटलुकची मेलची फाइल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. अकाउंटंटच्या फोनवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये क्लायंटनी पाठवलेली बिलं. टॅलीचा डेटाही कुठे आहे ते प्रत्यक्ष बघावं लागतं. प्रत्येक कंपनीच्या फोल्डरला पाच-सहा आकडी नंबर असतो, आणि मागे कुणीतरी जागा कमी पडली म्हणून निम्म्या कंपन्या दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेल्या असतात.

यादी झाली की तिचे दोन भाग करा. आमच्या आजोबांच्या पेढीत कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (त्याच नोंदी खात्यांप्रमाणे मांडलेली वही) वेगळी असायची. खतावणी खराब झाली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता यायची. कीर्द गेली तर मात्र काहीच उरत नसे. विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅलीचा प्रोग्राम हे पुन्हा मिळतं, त्यासाठी फक्त इन्स्टॉलर आणि लायसन्सची माहिती जपा. नोंदी, फोटो, रिपोर्ट, करारांचे स्कॅन पुन्हा मिळत नाहीत. पैसा आणि लक्ष आधी त्यांच्याकडे द्या.

एक गोष्ट यादीत असूनही तिची प्रत निघत नाही, ती म्हणजे डिजिटल सहीचा टोकन. त्याच्या आतली किल्ली बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना असते. तो हरवला तर नवीन सही काढावी लागते. म्हणून कुणाची सही, कुणाकडून काढलेली, मुदत कधी संपते, एवढं लिहून ठेवा आणि टोकन सर्व्हरच्या खणात ठेवू नका.

तीन प्रती, दोन प्रकार, एक बाहेर

हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. त्याच्या धंद्यात निगेटिव्ह जाऊन सगळं फाइलींवर आलं होतं, तेव्हा त्याला ही गरज आधी जाणवली. डेटाच्या एकूण तीन प्रती असाव्यात (मूळ धरून), त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी.

माझ्याकडे आता बहुतेक ऑफिसांत अशी मांडणी आहे. मूळ डेटा सर्व्हरवर. दुसरी प्रत ऑफिसातल्याच नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कारण नुसती एक फाइल चुकून उडाली तर ती दोन मिनिटांत परत मिळाली पाहिजे. तिसरी क्लाउडवर. त्याशिवाय एक डिस्क दर शनिवारी मालकांच्या घरी जाते आणि घरची इकडे येते.

"बाहेर" म्हणजे किती बाहेर, हे आपण बडोदेकरांनी नकाशा उघडून ठरवायला हवं. एका ऑफिसने प्रत कारेलीबागेतल्या भाच्याकडे ठेवली होती. ऑफिस फतेहगंजला. दोन्हींमध्ये रस्त्याने फार अंतर नाही, आणि विश्वामित्री दोघांनाही जवळ. नदीला पूर येतो तेव्हा ती एकाच घरात शिरत नाही. आता त्यांची डिस्क मकरपुऱ्याला तिसऱ्या मजल्यावर असते आणि क्लाउडची प्रत गुजरातबाहेर. आग, चोरी, वीज पडणं यांसाठी दुसरी इमारत पुरते, पुरासाठी दुसरा भाग लागतो.

वेगळेपण फक्त जागेचं नसतं. आमच्या गावातल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती तयार झाली, 1960 ते 1975 या काळात तिचे सात खंड निघाले. बाबांनी मला शाळेत असताना तिथे नेलं होतं. तिथल्या एका गृहस्थांनी समजावून सांगितलेलं मला अजून आठवतं: देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या पोथ्या समोर ठेवून पाठ ताडून बघायचे. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या असल्या तर पहिलीतली चूक दहाही ठिकाणी दिसते, त्यांची साक्ष एकाच पोथीची. हे मी गिऱ्हाइकांना पुष्कळदा सांगते, कारण बॅकअपमध्ये नेमकी हीच गफलत होते. सर्व्हरमध्ये दोन डिस्क रेड नावाच्या पद्धतीने जोडलेल्या असतात, एकीवर लिहिलं की दुसरीवर त्याच क्षणी लिहिलं जातं. डिस्क बिघडली तर रेड वाचवतो. पण तुम्ही फाइल पुसली, तर दोन्हींवरून पुसली जाते.

गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या सिंकचंही तसंच. लॅपटॉपवरून फोल्डर उडालं की तिकडूनही उडतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते 30 दिवस राहतं, मग कायमचं जातं. मार्चमध्ये उडालेलं फोल्डर जूनमध्ये आठवलं तर ते मिळणार नाही. विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेने मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत, करणारेही जपून. मूळ फोल्डर रिकामं झालं असेल तर मिरर इमानदारीने प्रतही रिकामी करतो. या सोयी वापराव्यात, मीही वापरते, पण तीन प्रतींच्या मोजणीत त्यांना धरू नका.

वेळ आणि पिढ्या

पुष्कळ लोक रात्री दोनची वेळ लावतात, कारण तसं कुठेतरी वाचलेलं असतं. आपल्याकडे शेवटचा माणूस आठ वाजता मेन स्विच खाली पाडून घरी जातो. दोन वाजता कुठला संगणक चालू असणार? मी बहुतेक ठिकाणी दुपारी दीडची वेळ लावते. जेवणाची सुट्टी, माणसं टॅलीतून बाहेर पडलेली, वीज आहे, आणि काही अडलं तर मला फोन करायला कुणीतरी जागं आहे. लॅबमध्ये दीड वाजता आणि पुन्हा सात वाजता.

दर वेळी सगळं उतरवायची गरज नसते. शनिवारी पूर्ण बॅकअप, सोमवार ते शुक्रवार फक्त त्या दिवशी बदललेलं, याला इन्क्रिमेंटल म्हणतात. जागा कमी लागते, पण गुरुवारचा डेटा परत आणायला शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार अशी सगळी साखळी शाबूत हवी. मंगळवारचा दुवा खराब निघाला तर पुढचे दोन दिवस हातात असून उपयोग नाही. डिफरन्शियलमध्ये रोज शनिवारनंतर बदललेलं सगळं घेतात. जागा जास्त जाते, पण परत आणायला दोनच तुकडे लागतात. लहान ऑफिसला मी डिफरन्शियल सुचवते. अडचणीच्या दिवशी जितक्या कमी फाइली हाताळाव्या लागतील तितकं बरं.

क्लाउडचा पहिला बॅकअप सुरू करण्याआधी हिशेब करून बघा. 200 जीबी डेटा आणि अपलोडचा वेग 20 एमबीपीएस असेल तर 80,000 सेकंद, म्हणजे साधारण 22 तास लागतात, तेही लाइन अखंड चालली तर. म्हणून शनिवारी संध्याकाळी लावावा, रविवार हाताशी राहतो. उलटा हिशेबही करा: ते सगळं परत उतरवायला 100 एमबीपीएसवर साडेचार तास. मालकांनी दोन तास सांगितले असतील तर क्लाउड एकट्याने पुरणार नाही, जवळची डिस्क लागेलच.

जुन्या प्रती किती ठेवायच्या? कालची फाइल खराब आहे हे आजच कळतं असं नाही. मी रोजच्या सात, आठवड्याच्या पाच, महिन्याच्या बारा आणि दर 31 मार्चची एक अशा ठेवते. 2011पासून 31 मार्च हा जगभर बॅकअप दिन म्हणूनही पाळतात. हिशेबाच्या माणसाला ती तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. वर्षाची प्रत कंपनी असेल तर 8 वर्षं सांभाळा, कंपनी कायद्याच्या कलम 128 मध्ये हिशेबाच्या पुस्तकांना तेवढी मुदत आहे. जीएसटीला वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने. शिवाय ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीपासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असणं बंधनकारक आहे. क्लाउड घेताना डेटा कुठल्या देशात राहतो, हे खरेदीच्या आधी लेखी विचारा. आणि जुन्या प्रतीसोबत त्या वेळच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरही ठेवा, आठ वर्षांनी फाइल असेल पण उघडायला काही नसेल असं होऊ देऊ नका.

उघडी फाइल नुसती कॉपी करू नका

टॅली चालू असताना, लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद चालू असताना त्यांचं फोल्डर तसंच उचललं तर अर्धी नोंद इकडे, अर्धी तिकडे अशी प्रत मिळू शकते. ती दिसायला ठीक दिसते, उघडत नाही. त्या त्या प्रोग्रामची स्वतःची सोय वापरा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आणि रिस्टोर दोन्ही आहेत. लॅबची बरीच सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालतात. त्या फुकटच्या आवृत्तीत वेळ लावून काम करणारा एजंट नसतो, म्हणून बॅकअपची आज्ञा एका छोट्या फाइलीत लिहून ती विंडोजच्या टास्क शेड्युलरला जोडावी लागते. आणि मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडला असं लगेच समजू नका. तो फॅट32 मध्ये असेल तर 4 जीबीच्या वरची एक फाइल त्यावर मावतच नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

जोडलेली डिस्क आणि खंडणी

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि 150हून जास्त देशांतले संगणक कुलूपबंद झाले. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी तो घातला नव्हता ते सापडले. अशी खंडणीची सॉफ्टवेअर मूळ फाइलींवर थांबत नाहीत, त्यांना जी डिस्क जोडलेली दिसते, नेटवर्कवरचं जे फोल्डर उघडता येतं, त्या सगळ्याला ती कुलूप लावत जातात. म्हणून बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. रोज कुणी काढणार नसेल तर दोन डिस्क आलटून पालटून वापरा, म्हणजे एक तरी नेहमी सुटी असते. नॅसवर बॅकअपसाठी वेगळा युजर बनवा, त्याचा पासवर्ड रोजच्या कामाच्या कुठल्याही संगणकात साठवू नका. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असेल तर चालू करा. क्लाउडमध्ये ठरावीक दिवस काहीच पुसता येणार नाही अशी सोय मिळत असेल तर तिचे पैसे द्यावेत, मला तो खर्च योग्य वाटतो.

बाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूप हवंच. क्लायंटचे पॅन नंबर, रुग्णांचे रिपोर्ट घेऊन ती स्कूटरच्या डिकीतून जाते. मी विंडोजमधलं बिटलॉकर वापरते, ते सगळी डिस्क कुलूपबंद करतं. त्याची 48 आकडी रिकव्हरी की छापून दोन पाकिटांत ठेवते, एक मालकांच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. की ज्या संगणकात आहे तोच संगणक पाण्यात गेला, तर शाबूत डिस्क हातात धरून आपण बाहेर उभे राहतो.

परत आणून बघा

आता ज्या कामासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

दोनपैकी एका लॅबमध्ये बॅकअपची नोंदफाइल मी दर शनिवारी स्वतः वाचत होते. तारीख, वेळ, आकार, हिरवी खूण. सात महिने सगळ्या खुणा हिरव्या. एका शनिवारी मी पहिल्यांदाच तो बॅकअप माझ्या लॅपटॉपवर उघडला आणि शेवटच्या रुग्णाचा नंबर बघितला. तो सात महिन्यांपूर्वीचा होता. सॉफ्टवेअरच्या माणसाने मधे कधीतरी डेटा सी ड्राइव्हवरून डीवर हलवला होता. माझा बॅकअप जुन्या फोल्डरची प्रत मन लावून घेत राहिला होता. मग मी नोंदफाइल पुन्हा उघडली आणि आकाराचा रकाना वरून खाली वाचला: 4.21 जीबी, 4.21, 4.21, 4.21. रोज साठ-सत्तर रुग्ण येतात अशा लॅबचा डेटा सात महिने जागचा हलत नाही, हे तिथे लिहिलेलं होतं. मी फक्त खूण बघत होते. त्या सात महिन्यांत सर्व्हर बंद पडला नाही, एवढंच आमचं नशीब.

मोठ्यांचंही हेच होतं. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. त्यांच्याकडे पाच तऱ्हांनी प्रती घेण्याची व्यवस्था होती आणि वेळेला त्यातली एकही धड कामाला आली नाही. आवृत्ती जुळत नसल्याने रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) निघतच नव्हता आणि तो निघाला नाही हे सांगणाऱ्या मेल पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी सहज हाताने घेतलेल्या एका प्रतीवरून त्यांनी साइट उभी केली. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

म्हणून माझ्या प्रत्येक ऑफिसात महिन्याच्या पहिल्या शनिवारी सराव असतो. ऑफिसशी काही संबंध नसलेला एक लॅपटॉप घ्या. सर्व्हर पाण्यात गेला असं धरून चाला, त्याला हात लावायचा नाही. घड्याळ लावा. डिस्क शोधा, कुलूप छापील की वापरून उघडा, बॅकअप एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा. चालू डेटावर कधीही रिस्टोर करू नका, सरावाच्या नावाखाली आजचं काम पुसलं गेल्याचं मी पाहिलं आहे. मग कागदाच्या फाइलमधून डोळे मिटून एक बिल उपसा आणि ते टॅलीत सापडतं का बघा. ट्रायल बॅलन्सची बेरीज सर्व्हरवरच्या त्याच तारखेच्या बेरजेशी ताडा. लॅबमध्ये त्या दिवसाच्या रुग्णांची संख्या आणि एक पूर्ण रिपोर्ट, आकड्याला आकडा लावून. स्टुडिओत कुठल्याही तीन फोल्डरांतले मोठे फोटो पूर्ण उघडून, कारण छोटं चित्र दिसतं आणि मोठं अर्ध्यावर करडं होतं, असं घडतं. किती वेळ लागला ते लिहा आणि पहिल्या दिवशी मालकांनी सांगितलेल्या आकड्याशेजारी ठेवा. दोन महिने क्लाउडवरून करा, पुढच्या महिन्यात घरच्या डिस्कवरून.

आणि सराव दर वेळी दुसऱ्या माणसाने करावा. मी शेजारी बसते, बोलत नाही. सीए ऑफिसातली नवी आर्टिकल मुलगी पहिल्यांदा बसली तेव्हा तिला डिस्कवरची तारीखच वाचता आली नाही, माझं अक्षर पुसट झालं होतं. आता प्रत्येक डिस्कवर छापील चिठ्ठी असते: कुणाची, कितवी, कधी विकत घेतली. पाच वर्षं झाली की ती डिस्क निवृत्त करते. वर्षाच्या प्रती एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, ठेवत नाही. वीज न मिळता त्या फार काळ पडून राहिल्या तर भरवसा राहत नाही.

एक कागद, दोन घरं

सगळं एका पानावर लिहा: कुठली प्रत कुठे, की कुणाकडे, आधी काय परत आणायचं, मग काय, क्लाउडचं खातं कुणाच्या नावावर, सॉफ्टवेअरवाल्यांचे फोन. पान लॅमिनेट करा आणि दोन घरी ठेवा. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवत, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. मी पानाच्या खाली ओल्या डिस्कबद्दल लिहिते. बहुतेक हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, ते झाकू नका असं तिथेच छापलेलं असतं. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं, आणि डिस्क बुडाली की पाणी त्यातूनच आत जातं. बुडालेली डिस्क वीज देऊन बघायची नाही, उन्हात किंवा तांदळात सुकवायची नाही, कारण गाळ आत वाळून चिकटतो. ओली आहे तशीच हवाबंद पिशवीत घालून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. 2019 मध्ये मला हे माहीत नव्हतं. मी ती डिस्क दोन दिवस पंख्याखाली ठेवली आणि मग जोडली.

ऑगस्ट 2024 च्या शेवटी विश्वामित्री पुन्हा वर आली, 35 फुटांच्याही वर. सोमवारी 26 ला जन्माष्टमी, ऑफिस शनिवारीच बंद झालेलं. काकांच्या ऑफिसात या वेळी पाणी कमरेपर्यंत होतं आणि शटर शुक्रवारपर्यंत उघडता आलं नाही. पण गुरुवारी सकाळी, वीज आल्याबरोबर, ती आर्टिकल मुलगी काकांच्या मकरपुऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. मला फोनवर म्हणाली, "ताई, की लागली." एक तास चाळीस मिनिटांनी तिने टॅली उघडल्याचा फोटो पाठवला. शेवटची नोंद 24 ऑगस्ट, शनिवार, दुपारी दीडच्या आधीची. दीडनंतर केलेली सात व्हाउचर तिने काकूंनी आणून दिलेल्या चहासोबत पुन्हा घातली, आणि संध्याकाळी नव्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवली.